पोचल्याचा फोन

वहिनीची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा ती घाबरलेली होती. हे मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहिते आहे, कारण गेल्या दीड महिन्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाने "शांतपणे गेल्या ना?" असं विचारलं आणि नितीनने, म्हणजे तिच्या मुलाने, दर वेळी मान डोलावली. शांतपणे वगैरे काही नाही. बोरिवलीच्या त्या हॉस्पिटलात, दुपारच्या भेटीच्या वेळेत, तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी आत रुतली. नितीन पलीकडून म्हणत होता, "आई, घाबरू नकोस, काही होणार नाही, डॉक्टर म्हणालेत." तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तिच्या रागाची सवय असलेली मीसुद्धा दचकले. मग तो औषधं आणायला खाली गेला, तशी माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "शुभा, पुढची व्यवस्था कोणी बघितलीय गं? उतरून घ्यायला कोणी येणार आहे का?"

दुसऱ्या कोणाला ते भ्रमातलं बोलणं वाटलं असतं. मला नाही वाटलं, कारण हाच प्रश्न तिने उभ्या आयुष्यात परक्या माणसांच्या वतीने विचारला होता. स्टेशनवर कोण येणार? जिना किती उंच आहे? अंघोळीला गरम पाणी मिळेल का? माझी वहिनी ट्रॅव्हल एजंट होती... आणि मी पाहिलेल्या सगळ्या माणसांत सर्वांत भित्री.

कुंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचे वडील लवकर गेले, दादानेच मला वाढवलं, आणि ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. ऐंशीच्या दशकात गिरण्यांमधला संप लांबत गेला आणि दादाची तिथल्या ऑफिसातली कारकुनी संपल्यात जमा झाली. त्याआधी तो हौसेने गिरणीतल्या लोकांना सुटीत बसने अष्टविनायक, गाणगापूर असं फिरवून आणायचा. आता त्या हौसेचाच त्याने धंदा केला. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला एक गाळा होता. तो घेतला, वर 'सोबत यात्रा कंपनी' अशी पाटी लावली, आणि टूरबरोबर जायचं काम दादाचं, ऑफिस वहिनीचं, आणि जे काम कोणाचंच नाही ते माझं, अशी वाटणी झाली. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि मला बँकेत जायचं होतं. टायपिंग येतं या एका गुन्ह्यासाठी मला पकडून त्या गाळ्यात बसवलं.

लोकांना वाटतं, ट्रॅव्हल कंपनी म्हणजे तिकिटं काढून देणारे आणि रंगीत पत्रकं वाटणारे. पत्रकं आम्हीही वाटायचो. त्यावरचा बर्फाचा डोंगर छपाईत दर वेळी गुलाबी यायचा. पण खरं काम त्या डोंगराच्या अलीकडचं. टूर निघायच्या कितीतरी महिने आधीपासून रेल्वे रिझर्वेशनच्या रांगा, हरिद्वारच्या धर्मशाळेला पत्रं, उत्तर आलं नाही की पुन्हा पत्रं, ऋषीकेशला बस पुरवणाऱ्या शर्माजींशी ट्रंक कॉलवर ओरडून बोलणं, वाटेतल्या मुक्कामाच्या जागा धरून ठेवणं, आणि टूरबरोबर जाणाऱ्या दत्तू आचाऱ्याच्या ट्रंका. त्यांत स्टोव्ह, पातेली, गोडा मसाला, तूरडाळ. कारण बद्रीनाथला गेलं तरी आपल्या माणसाला संध्याकाळी वरणभात लागतो. धर्मशाळेला आमची मंडळी म्हणजे सीझन, बसवाल्याला भाडं, आणि त्या मंडळींना आमची कंपनी म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकायची हिंमत. या सगळ्यांच्या मधोमध, टेबलावर काळा फोन ठेवून, वहिनी बसलेली असायची.

दुपारी जेवणं झाली की ती नकाशा पसरायची आणि रस्त्यावरून बोट फिरवत फिरवत संकटं शोधत जायची. इथे बस बंद पडली तर? इथे कोणाला धाप लागली तर? या पुलाच्या आधी अंधार पडला तर? दादा म्हणायचा, "कुंदा, तू नकाशा बघतेस की पंचनामा करतेस?" तिला हसू यायचं, पण बोट थांबायचं नाही. आणि शोधलेल्या प्रत्येक संकटावर तिचा काहीतरी उपाय असायचा. त्या गावातला डॉक्टर, जास्तीची ब्लँकेटं, गुडघे धरलेल्या माणसाला खालच्या मजल्यावरची खोली. एकदा मी वैतागून म्हटलं, "वहिनी, लोक येतात मजा करायला. तू त्यांच्या वाटचंही घाबरून घेतेस." ती म्हणाली, "अगं, त्यासाठीच तर येतात आपल्याकडे. त्यांची भीती इथे आपण सांभाळायची, म्हणजे ते तिकडे मोकळेपणाने डोंगर बघतात." तेव्हा मी डोळे फिरवले होते. आता एवढ्या वर्षांनी वाटतं, या धंद्याबद्दल याहून खरं कोणी काही बोललेलं मी ऐकलं नाही.

ती स्वतः मात्र कुठेही गेली नाही. काश्मीर, चारधाम, कन्याकुमारी विकणारी ही बाई बोरिवलीहून मुंबई सेंट्रलच्या फलाटापर्यंत जायची आणि तिथून परत यायची. त्याचं कारण तिने मला फार उशिरा सांगितलं. लग्न झाल्यावर ती देवगडहून बोटीने मुंबईला आली, मेअखेरीस, बोटींचा हंगाम संपता संपता. समुद्र खवळला. माणसं ओकत होती, बायका देवाला गाऱ्हाणी घालत होत्या, आणि बरोबरची वडीलधारी मंडळी नव्या नवरीला सारखी सांगत होती, "काही नाही, काही नाही, आता पोचू." "लाटांची भीती वाटलीच गं," ती म्हणाली, "पण सगळे आपल्याशी खोटं बोलतायत हे कळलं ना, तेव्हा माझे हातपाय गार पडले." शेवटी डेकवरच्या एका अनोळखी म्हातारीने तिला हाताला धरून खाली बसवलं. "माका पण भ्या वाटता गो बाय," ती म्हातारी म्हणाली, "हयसर बस माझ्या वांगडा." बास, एवढंच. मलाही भीती वाटतेय, इथे माझ्याबरोबर बस. वहिनी सांगायची, त्यानंतर लाटा काही कमी झाल्या नाहीत, पण तिचं रडणं थांबलं.

टूर निघायच्या दिवशी वहिनी फलाटावर स्टीलच्या डब्यात दही घेऊन यायची आणि गाडीच्या दाराशी उभी राहून एकेकाच्या तळहातावर चमचाभर ठेवायची. "जातो नाही, येतो म्हणा," असं दटावून सांगायची. मोठमोठे ऑफिसर, निवृत्त मास्तर, सगळे शहाण्या मुलांसारखे हात चाटून डब्यात चढायचे. मला त्या दह्याची लाज वाटायची. खाली सांडायचं, हमाल घसरायचे. आणि गाडी सुटली की कंपनीचा दुसरा नियम सुरू व्हायचा. टूर बाहेर असताना फोनजवळची खुर्ची रिकामी ठेवायची नाही आणि मुक्कामावर पोचल्याचा फोन किंवा तार येईपर्यंत शटर पूर्ण ओढायचं नाही. रात्र झाली तरी अर्धं वर. या नियमाला कारण होतं. आमच्या आधी एका कंपनीची बस घाटात दरीत कोसळली होती, आणि बातमी आल्याबरोबर मालक शटर ओढून गावी निघून गेला. वहिनी भाजी घेऊन त्या रस्त्याने येत होती. प्रवाशांची माणसं त्या बंद शटरवर हात आपटत होती, आणि आत कोणीच नव्हतं. तो आवाज तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

ज्या टूरबद्दल लिहायला बसले आहे, ती बद्रीनाथची. सुटीतली शेवटची, जूनच्या तोंडावरची. आमच्याच गल्लीतल्या लेलेकाकू तिच्यात होत्या. सत्तरीच्या, कडक, जन्मभर संकष्टी धरणाऱ्या. निघायच्या आदल्या आठवड्यात त्या गाळ्यात आल्या, कार्यक्रमाचा टाईप केलेला कागद टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, "कुंदा, ह्या मुक्कामाला संकष्टी येते. त्या दरीत चंद्र कुठून दिसणार?"

वहिनीचा चेहरा उतरला. जिने टॉर्चच्या सेलपासून बाळंतकाढ्यापर्यंत सगळ्याचा विचार केला होता, तिने मुक्काम ठरवताना आकाशाकडे बघितलं नव्हतं. चतुर्थीला गणपतीचं चित्र छापलेलं कॅलेंडर तिच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. बद्रीनाथच्या वाटेवरचं ते मुक्कामाचं गाव नदीला लागून, खोल खड्ड्यात होतं आणि पूर्वेला सरळ उभा डोंगर. मागच्या टूरला तिथे बायका चंद्राची वाट बघत उपाशी ताटकळल्या होत्या, हे दादाने येऊन सांगितलंही होतं. पण आता जागा धरून झाल्या होत्या, आणि सीझनमध्ये त्या रस्त्यावर ऐन वेळी दुसरी धर्मशाळा मिळणं मुश्कील. ती चाचरत म्हणाली, "काकू, पंचांगातली वेळ धरून उपास सोडला तर चालतं म्हणतात." काकू उठता उठता म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत चालत असेल. गणपतीला चालतं का ते मी आधी विचारते." मी फायलीआड तोंड लपवून हसले. वहिनी नाही हसली. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. 

टूर गेली. फलाटावर लेलेकाकूंनीही दही चाटलं. हरिद्वारचा फोन आला, ऋषीकेशचा आला. त्याच्या पुढे फोन येत नसत, तार आली तर आली. मग संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी टाईप करत होते आणि कोपऱ्यातला रेडिओ चालू होता. बातम्यांत आलं, बद्रीनाथच्या रस्त्यावर मध्यरात्रीनंतरच्या पावसाने दरड कोसळली, एक धर्मशाळा तिच्याखाली गेली, यात्रेकरू अडकले असल्याची भीती... आणि त्या गावाचं नाव.

मी वहिनीकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती आणि एका हाताने टेबल धरलं होतं. मला आधी काही वाटलंच नाही. दादा शाळेच्या पहिल्या दिवशी मला सोडायला आला होता, तेव्हा त्याने घातलेला निळा शर्ट डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, "वहिनी, शटर ओढ. लोक येतील. आपण काय सांगणार त्यांना?" तिने माझ्याकडे बघितलं, शटरपाशी गेली आणि उन्हासाठी अर्धं खाली ओढलेलं ते जोर लावून पार वर ढकललं.

तिने शर्माजींना लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यांत तातडीचा ट्रंक कॉल, लावला. लाइन मिळाली तेव्हा तेही ओरडत होते. वरचे सगळे फोन बंद, तारा तुटलेल्या, माणूस पाठवलाय पण रस्ताच राहिलेला नाही. तोवर माणसं यायला लागली. मालाडहून, नाहूरहून, घाटकोपरहून. प्रत्येकाच्या हातात आमचाच कागद. कोणती तारीख, कोणतं गाव, कोणती धर्मशाळा, सगळं आम्हीच सुबक टाईप करून दिलेलं. माझ्याच टाईपरायटरवर. त्या अक्षरांकडे मला बघवेना. गाळ्यात जागा पुरेना म्हणून लोक पायरीवर बसले, आणि कोणी मोठ्याने बोललं की सगळे फोनकडे बघायचे.

लेलेकाकूंचा मुलगा मुलुंडहून आला. बँकेत ऑफिसर होता, एरवी अतिशय सभ्य माणूस. तो घामाघूम होऊन टेबलावर वाकला आणि कागदावर बोट आपटत म्हणाला, "इथे लिहिलंय इथे मुक्काम. म्हणजे आई तिथेच होती ना? हो की नाही, एवढंच सांगा!"

"कागदावर तिथेच होत्या," वहिनी म्हणाली.

"कागदावर म्हणजे काय? तुम्ही कंपनी आहात ना? तुम्हाला माहीत नको?"

मला वाटलं, आता ती म्हणेल, काळजी करू नका, सगळं ठीक असेल. कोणीही म्हटलं असतं. मी तर म्हणायला तोंड उघडलंही होतं. वहिनीने मला हाताने थांबवलं.  "लेले, मला जेवढं माहीत आहे तेवढंच तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "मला फार भीती वाटतेय हो. माझा नवरा त्याच बसमध्ये आहे. पण फोन इथे आहे. घाबरायचंच आहे ना, तर घरी एकटे नका घाबरू. इथे बसून घाबरा."

 मग त्याने खुर्ची ओढली आणि बसला. त्याच्यानंतर जो आला त्याला वहिनीने तेच सांगितलं, आणि एकही जण परत गेला नाही. तिने चहा ठेवला, कपबशा तिच्या हातात खडखडत होत्या. ती फोनजवळच्या खुर्चीत बसायची, रिसीव्हरवर हात ठेवायची, मग पटकन काढून घ्यायची, जणू हात ठेवला तर फोन वाजणार नाही. मी मागच्या मोरीत जाऊन नळ सोडून रडून आले. परत आले तर ती भिंतीकडे बघत होती.

"शुभा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "काल संकष्टी होती."

"मग?"

"लेलेकाकू... तुझा दादा त्यांना उपाशी ठेवील?"

मला कळायला वेळ लागला. दादाला भुकेलं माणूस बघवत नसे. मागच्या टूरला बायका उपाशी राहिल्या तेव्हा त्यानेही जेवण टाकलं होतं, असं दत्तू सांगत होता. त्या गावाच्या बऱ्याच अलीकडे, रस्ता दरीत उतरायच्या आधी, एक उघड्या माळावरचं खेडं होतं. तिथून पूर्वेचं सगळं आकाश दिसतं. चंद्रासाठी त्याने बस तिथे थांबवली असेल? धरलेला मुक्काम सोडून? मी उठलेच. लेले समोर बसला होता, डोकं हातांत धरून. त्याला सांगावंसं वाटलं. वहिनीने माझा पदर घट्ट धरून मला खाली बसवलं. "एक अक्षर बोलू नकोस," ती म्हणाली. "खरं निघालं नाही, तर मग त्याच्या तोंडाकडे कोण बघणार?" त्यानंतर ती आणि मी ते दोघींच्यात धरून बसलो. खरं सांगते, आधीच्या भीतीपेक्षा ती आशा जास्त भयंकर होती. ती रात्र मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. लांब, तुटक घंटा, ट्रंक कॉलची. सगळा गाळा उभा राहिला. वहिनीने तीनदा "हॅलो" म्हटलं. मी कान लावला होता, खरखरीतून, फार लांबून दादाचा आवाज आला, "कुंदा... आम्ही वरच थांबलो होतो... काकूंच्या चंद्रासाठी..."

"अहो, सगळे?" वहिनी किंचाळली. "सगळे आहेत?"

"सगळे!"

"दत्तू?"

"दत्तूसुद्धा! कुंदा, रडू नको..."

लाइन कटली. वहिनीने लोकांकडे बघून नुसती मान हलवली. कोणीतरी जोरात हुंदका दिला, आणि लेले खुर्चीवरून सरळ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःही रडत होते. पाऊण तासात कोणीतरी पेढे आणले. आदल्या दिवशी ज्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, ते एकमेकांना पेढे भरवत होते. वहिनीच्या हातात दिलेला पेढा तिने फोनशेजारी ठेवून दिला.

सगळे गेल्यावर मी तिला म्हटलं, "वहिनी, सुटलो बाई!" ती फोनकडेच बघत होती. तिला हुडहुडी भरली होती. जूनच्या त्या उकाड्यात मी तिला शाल आणून दिली. "तो मुक्काम मी ठरवला होता, शुभा," ती म्हणाली. "इतका विचार करून, इतकी पत्रं लिहून. मी त्यांना तिथे पाठवलं होतं. माझं ऐकलं असतं तर..." मी म्हटलं, "पण नाही ना झालं तसं!" ती म्हणाली, "आपल्या खोल्या रिकाम्या राहिल्या असतील. सीझन आहे. तिथल्या माणसाने त्या दुसऱ्या कुठल्या तरी बसला दिल्या असतील. त्यांच्या ऑफिसात फोनजवळ कोण बसलं असेल गं आत्ता?"

 तो पेढा तिने खाल्ला नाही. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मुक्काम बदलल्याची दादाची तार टूर परत आल्यावर आली, रीतसर, चुरगळलेली. वहिनीने ती त्याच्यापुढे नाचवून त्याला असं काही झापलं की तो लेलेकाकूंच्या घरी जाऊन बसला. काकूंनी मात्र गल्लीभर सांगितलं की गणपतीनेच बस थांबवली. वहिनीने त्यावर कधी वाद घातला नाही, पण मानही हलवली नाही. पुढच्या टूरला ती पुन्हा दह्याचा डबा घेऊन फलाटावर उभी होती. फक्त मला आता त्या दह्याची लाज वाटेनाशी झाली होती.

पुढे कंपनी बरीच वर्षं चालली, मग दादाचे गुडघे गेले, मग लोक घरबसल्या स्वतःच तिकिटं काढायला लागले, आणि आम्ही पाटी उतरवली. दादाही गेला. गाळा मात्र वहिनीने विकू दिला नाही. संध्याकाळी ती तिथे जाऊन फोनजवळच्या खुर्चीत बसायची. त्या काळ्या फोनची लाइन कधीच कापलेली होती. नितीन म्हणायचा, "आई, तिथे काय आहे आता?" पण सोसायटीतल्या लोकांना ठाऊक होतं. कोणाची मुलगी परदेशी शिकायला निघाली, कोणाचा मुलगा ट्रेकला गेला, की त्या घरातलं माणूस जेवण उरकून हळूच गाळ्याच्या पायरीवर येऊन बसायचं. वहिनी विचारायची, "पोचली का गं?" "नाही अजून." "बस मग." हातातल्या मोबाइलवर पोचल्याचा निरोप आला की त्या दोघी-तिघी मिळून उठायच्या, आणि मगच शटर खाली यायचं. काही होणार नाही असं ती कोणाला कधीही म्हणाली नाही, आणि लोक तिच्याचकडे यायचे.

म्हणून हॉस्पिटलात तिने मला तो प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या जिभेवर आलेलं खोटं मी गिळलं. तिचे डोळे फार मोठे झाले होते. "माहीत नाही गं, वहिनी," मी म्हटलं. "व्यवस्था कोणी बघितलीय, उतरून घ्यायला कोण येणार, मला काहीच माहीत नाही. मला फार भीती वाटतेय." माझ्या मनगटावरची तिची बोटं सैल झाली. बरं वाटल्यासारखा तिने श्वास घेतला.

"मग तू बस ना," ती म्हणाली.

"बसलेच आहे की."

"इथे नाही गं... गाळ्यात. फोनजवळ."

तिला तोंडाने काही द्यायला बंदी होती. मी तिचा तळहात उघडला आणि जिथे दही ठेवतात तिथे नुसतं बोट टेकवलं. तिने मूठ मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आता संध्याकाळी मी खाली येते. दिवा लावते, त्या खुर्चीत बसते. शेजारचं कोणी ना कोणी येऊन पायरीवर टेकतं, कोणाचं तरी माणूस प्रवासात असतंच. त्यांचे निरोप येतात, ती उठून जातात. काल नितीन आला, थोडा वेळ दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला. जाताना सवयीने त्याने शटरला हात घातला. मी म्हटलं, "राहू दे रे, अर्धं वर. तुझी आई पोचल्याचं अजून कळलेलं नाही."